बेल्ट मागवायच्या आधी मागची पाटी वाचा

तुमची पोस्ट वाचून हसावं की रडावं कळेना. अमेरिकेतून आलेला जुना बेल्ट-ड्राइव्ह टर्नटेबल (मोटर रबरी पट्ट्याने तबकडी फिरवते असा रेकॉर्ड प्लेअर), सोबत 110 व्होल्टचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर, सगळं नीट जोडलेलं, तरी गाणं जड वाटतं आणि बाईचा आवाज बाप्यासारखा येतो. विकणारा म्हणतो बेल्ट सैल झालाय. अगदी हेच वाक्य मी सहा वर्षांपूर्वी ऐकलं, मान डोलावली आणि बेल्ट मागवला.

बेल्टचा काही दोष नाही हो. ट्रान्सफॉर्मर फक्त व्होल्टेज उतरवतो, हर्ट्झला, म्हणजे विजेच्या सेकंदाला होणाऱ्या आवर्तनांना, हात लावत नाही. तिकडे वीज 60 हर्ट्झची, आपल्याकडे 50ची. अशा जुन्या डेकची (टर्नटेबलची) सिंक्रोनस मोटर विजेच्या हर्ट्झवरच चालते, त्यामुळे 33⅓ ऐवजी तबकडी मिनिटाला जेमतेम 27.8 फेरे घेते. वीस मिनिटांची बाजू चोवीस मिनिटं चालते.

माझ्याकडे हे पकडलं ताईने. ती पेटी वाजवते. लहानपणापासून पाठ असलेली रेकॉर्ड लावली, तर म्हणाली, "अरे, ही काळी चारला गाते, इथे पांढरी चार कशी लागतेय?" म्हणजे पेटीवर काळ्या-पांढऱ्या धरून तीन घरं खाली. मी तिलाच वेड्यात काढलं, कारण माझ्याकडे पुरावा होता. डेकच्या खोक्यात वेग तपासायचं पट्ट्यापट्ट्यांचं कार्ड आलं होतं. जुन्या चोकवाल्या ट्यूबलाइटखाली तबकडीवर ठेवलं, तर पट्ट्या जागच्या हलेनात. म्हणजे वेग बरोबर! कार्डाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात 60 छापलं होतं, ते मी वाचलंच नाही. 60 हर्ट्झच्या कार्डावर 33⅓ साठी 216 पट्ट्या असतात, आपल्याला 180 लागतात. आपल्या विजेवर मोटरही मंद आणि ट्यूबची लुकलुकही तेवढीच मंद, मग पट्ट्या स्थिर दिसणारच. चोर आणि साक्षीदार एकाच गावचे. (45 च्या वेगावर टाकून पाहिलं तर तीच बाई मूळ सुराच्या थोडीच वर, काळी पाचला चढली. तिथे तरी डोक्यात प्रकाश पडायला हवा होता.)

विकणाऱ्याने पंधरा दिवसांत परत घेईन म्हटलं होतं. ते पंधरा दिवस मी पहिल्या बेल्टची वाट बघण्यात घालवले. मग दुसरा बेल्ट, मग मोटरमध्ये तेल. शेवटी डेक एका नावाजलेल्या दुरुस्तीवाल्याकडे नेऊन टाकला. नाव घेत नाही, भांडण नको. चार महिने ठेवून घेतला. फोन केला की "पार्ट यायचाय". कुठला पार्ट, ते कधीच सांगितलं नाही. परत मिळाला तेव्हा वेग होता तसाच आणि सुईची दांडी एका बाजूला वाकलेली. "आधीपासूनच तशी होती." पावतीवर फक्त "रेकॉर्ड प्लेअर 1 नग", बोलणार काय? कार्ट्रिज, म्हणजे सुई बसते तो छोटा भाग, श्युअरची होती आणि त्या कंपनीने 2018 मध्ये कार्ट्रिज बनवणंच बंद केलं. डेकच्या चौदा हजारांचं मला एवढं वाटत नाही, पण ती सुई अजून सलते. तेव्हा डेक कुणाकडेही द्या, कार्ट्रिज आधी काढून घरी ठेवा. निदान सुईवरचं झाकण लावून मोबाइलवर फोटो तरी काढा.

आता उपाय. मी इलेक्ट्रिशियन नाही, बँकेत नोकरी करतो, त्यामुळे आतल्या वायरींना माझ्या भरवशावर हात लावू नका. मोटरवरची पुली, म्हणजे बेल्ट फिरवणारी चकती, 50 हर्ट्झसाठी साधारण 1.2 पट जाड लागते. काही डेकना दोन्ही पुल्या मिळायच्या, तुमच्या मॉडेलची मिळाली तर सुटलात. मला मिळाली नाही, म्हणून भोसरीत लेथवर पितळेची करून घेतली. पहिली केसभर डगमगत होती, तर प्रत्येक लांब सूर लहरायला लागला. दुसरी जमली. 60 हर्ट्झ तयार करून देणारा वेगळा पॉवर सप्लायही बसवता येतो, पण त्या पैशांत दुसरा डेक येतो.

माझं मत विचाराल तर बाहेरून आलेला डेक घ्यायचाच असेल तर डायरेक्ट-ड्राइव्ह (बेल्टशिवाय, मोटरच थेट तबकडी फिरवते असा) क्वार्ट्झवाला घ्या. त्याचा वेग आतल्या क्वार्ट्झ स्फटिकावर ठरतो, विजेच्या हर्ट्झवर नाही, नुसतं व्होल्टेज सांभाळलं की झालं. बेल्टप्रेमींनी शिव्या घातल्या तरी चालेल. जपानी मालाचं अजून वेगळं, तिथे 100 व्होल्ट, शिवाय टोकियोकडे 50 हर्ट्झ आणि ओसाकाकडे 60. व्हिडिओवर गाणं ऐकून काहीही घेऊ नका, व्होल्ट-हर्ट्झ लिहिलेल्या मागच्या पाटीचा फोटो मागा. आणि हो, तो स्टेप-डाउन कार्ट्रिजपासून हातभर लांब ठेवा, नाहीतर पुढची पोस्ट "घूंऽऽ आवाज येतो" अशी असेल.

आज रात्री एवढंच करा. तबकडीच्या कडेला कागदाचा कपटा चिकटवा आणि घड्याळ लावून तीन मिनिटं फेरे मोजा. शंभर भरले तर मी चूक, खुशाल बेल्ट मागवा. त्र्याऐंशीच्या आसपास आले तर मागच्या पाटीचा आणि पुलीचा बाजूने काढलेला फोटो इथे टाका. परतीची मुदत शिल्लक असेल तर फोटोही राहू द्या, आधी विकणाऱ्याला फोन लावा.