बाबांसाठी रडू आलं नाही, टिप्यासाठी थांबत नाही

"आई गेली तेव्हा मी सगळं सांभाळलं, आणि मांजर जाऊन महिना झाला तरी सावरत नाहीये. माझ्यात काही कमी आहे का?" समुपदेशनाच्या कामात हा प्रश्न माझ्याकडे वेगवेगळ्या तोंडांनी येतो. पहिल्या भेटीत तो क्वचितच येतो. आधी झोपेची तक्रार, मग पित्ताची, मग कामात लक्ष लागत नाही म्हणून. प्राण्याचा विषय निघतो तो उठता उठता, दाराशी चपला घालताना.

साताऱ्याच्या एका बाईंचंही असंच झालं. (त्यांच्या परवानगीने लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) वय 54, शाळेत शिक्षिका. झोप लागत नाही म्हणून त्यांच्या डॉक्टरांनी पाठवलं होतं. वडील जाऊन दहा महिने झाले होते. त्याबद्दल त्या अगदी सरळ, तारीखवार बोलल्या. दुसऱ्या भेटीच्या शेवटी पर्स उचलत म्हणाल्या, "मॅडम, हसू नका, पण आमचा कुत्रा पण गेला दोन महिन्यांपूर्वी." आणि परत खाली बसल्या.

वडिलांना पक्षाघात झाला होता. तीन वर्षं ते बाईंच्याच घरी अंथरुणावर होते. नळीतून खाणं, डायपर, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलणं. रात्रीची पाळी बाईंची. टिप्या त्याच खाटेखाली झोपायचा. "रात्री दोन वाजता उठायचे तेव्हा घरात जागं कोण, तर टिप्या. मी परत आडवी होईपर्यंत तो डोळा मिटायचा नाही."

वडील गेले, पुण्याहून भाऊ आला, अग्नी दिला. पुढचे तेरा दिवस बाई चहा, गुरुजी, पाहुण्यांची झोपायची सोय आणि मृत्यूचा दाखला यांत होत्या. नंतर बँक, पेन्शन. रडू आलं नाही, कुणी विचारलंही नाही. उलट "किती खंबीर आहे" असं कौतुक झालं. पुढे टिप्याच्या किडन्या गेल्या, आणि त्याला कायमचं झोपवायचं इंजेक्शन देऊन आणल्यापासून ह्या बाई वर्गात फळ्याकडे तोंड करून रडत होत्या. भावजय फोनवर म्हणाली, "ताई, बाबा गेले तेव्हा तुमच्या डोळ्यांतून टिपूस आला नाही, आणि कुत्र्यासाठी एवढं?" तेव्हापासून झोप उडाली होती.

मुलीने दुसरा खुलासा दिला होता. "आई, तू खरं तर आजोबांसाठीच रडतेयस, टिप्या फक्त निमित्त." हा खुलासा सध्या फार चालतो, आमच्या व्यवसायातही. कधी कधी तो खराही असतो. पण मी तिथून सुरुवात करत नाही. कुत्रा गेलेल्या माणसाला "तू कुत्र्यासाठी रडत नाहीस" असं सांगणं म्हणजे भावजयीचंच बोलणं जरा शिकलेल्या भाषेत सांगणं. बाईंनाही ते लागलं होतं. "म्हणजे टिप्यासाठी रडायचं ते पण बाबांच्या खात्यावर?"

म्हणून मी टिप्याबद्दल विचारलं. दिवस कसा जायचा, पहाटेपासून सांगा. पहाटे साडेपाचला दाराला नखं. फिरून आल्यावर दुधात कुस्करलेली भाकरी. शाळेतून येताना गेट वाजायच्या आधी भुंकणं. कुकरची तिसरी शिट्टी झाली की ओट्यापाशी येऊन बसणं. आम्ही कागदावर हे लिहीत गेलो, तर पान भरलं. दिवसभरात त्यांचा पाय अडखळेल अशा इतक्या जागा होत्या. वडिलांच्या बाबतीत तसं पान भरलं नाही, कारण वडील एकदम गेलेच नव्हते. आधी त्यांचं बोलणं गेलं, मग पेपर वाचणं, मग माणसं ओळखणं. प्रत्येक वेळी बाई थोडं थोडं रडून मोकळ्या झाल्या होत्या, बहुतेकदा न्हाणीघरात. दीर्घ आजारात माणूस असतानाच शोक सुरू होतो हे आम्ही सतत पाहतो. मृत्यूच्या दिवशी जमलेल्यांना फक्त कोरडे डोळे दिसतात.

आणखी एक गोष्ट होती, ती चौथ्या भेटीत आली. वडिलांनी त्यांना मार्क असूनही सायन्सला जाऊ दिलं नव्हतं, भावाला जाऊ दिलं. सेवा मात्र मुलीच्या वाट्याला आली. "बाबांची आठवण काढली की हिशोब निघतात. टिप्याची काढली की टिप्याच येतो." हे वाक्य मी वहीत जसंच्या तसं उतरवून घेतलं, कारण मला एवढं नेमकं सांगता आलं नसतं. माणसाच्या शोकात राग, देणीघेणी, न बोललेलं, सगळं गुंतलेलं असतं, त्यामुळे रडू वर यायलाच वाट सापडत नाही. प्राण्याशी असं काही थकलेलं नसतं, म्हणून तिथे रडू सरळ येतं. त्यावरून कुणावर प्रेम जास्त होतं हे ठरवायला जाऊ नये.

वडील गेल्यावर सगळे म्हणाले, "सुटले बिचारे." बाई पण सुटल्या होत्या, आणि ते त्यांना स्वतःशीही कबूल करता येत नव्हतं. मी विचारलं, पहिली सलग झोप कधी लागली? म्हणाल्या, "अग्नी दिला त्याच रात्री." मग खूप वेळ गप्प. तीन वर्षं दर दोन तासांनी उठलेल्या बाईला झोप लागली, यात वडिलांचा अपमान कुठे झाला, एवढंच मी म्हणाले.

टिप्याच्या बाबतीत मात्र अपराधी वाटण्याला जागा होती, आणि तिथेच आमचा सगळ्यात जास्त वेळ गेला. माणसासाठी आपल्याकडे असा निर्णय घ्यावाच लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये मान्य केलं ते ठरावीक अटींवर उपचार थांबवण्याला. औषध टोचून जीव संपवायला माणसाच्या बाबतीत परवानगी नाही. प्राण्याच्या वेळी मात्र त्याच परवानगीचा कागद आपल्यासमोर येतो आणि त्यावर सही आपली लागते. बाईंना ती सही दिसत राहायची. "आणखी चार दिवस थांबले असते तर?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. ते ज्यांच्याकडे होतं त्यांच्याकडे मी त्यांना पाठवलं. प्राण्यांच्या डॉक्टरांकडे जा, केसपेपर उघडायला सांगा आणि हाच प्रश्न विचारा. त्यांनी विचारला. डॉक्टरांनी रक्ताचे रिपोर्ट समोर ठेवले, वाढत गेलेलं क्रिएटिनिन (किडन्या किती बिघडल्या ते सांगणारा रक्तातला घटक) दाखवलं, तोंडातल्या जखमांमुळे तो खात नव्हता हे सांगितलं. आधी गुंगीचं औषध दिलं होतं, त्यामुळे पुढचं त्याला कळलं नाही, हेही सांगितलं. माझ्या सगळ्या भेटींपेक्षा त्या पंधरा मिनिटांचा उपयोग जास्त झाला असं मला वाटतं.

समाज ज्या दुःखाला दुःख म्हणून मान देत नाही त्याबद्दल केनेथ डोका या अमेरिकी अभ्यासकाने 1989 साली पुस्तक काढलं. पाळीव प्राण्याचा मृत्यू हे त्याचं नेहमी दिलं जाणारं उदाहरण. वडिलांसाठी बाईंना रजा मिळाली, दहावा-तेरावा झाला, माणसं भेटायला आली. टिप्याला दिरांच्या शेतात मीठ घालून पुरलं आणि दुसऱ्या दिवशी पहिला तास घ्यायचा होता. मी हे सांगत असताना त्यांनीच साताऱ्याजवळच्या माहुलीचा विषय काढला. वडिलांचं सगळं संगम माहुलीला झालं होतं, आणि तिथेच साताऱ्याच्या छत्रपती शाहू महाराजांच्या (शिवाजी महाराजांचे नातू) खंड्या कुत्र्याची समाधी आहे. त्याने महाराजांना वाघापासून वाचवलं अशी कथा सांगतात. बाई म्हणाल्या, "राजाने केलं तर समाधी, मी रडले तर वेड." तेव्हा त्या पहिल्यांदा हसल्या.

मुलगा नवीन पिल्लू आणायला निघाला होता, त्याला मी थांबवायला सांगितलं. पिल्लाला आल्या दिवसापासून टिप्या व्हायला लावणं त्याच्यावरही अन्याय आहे. शाळेतल्या एका सहशिक्षिकेला खरं कारण सांगा, एवढं मात्र सुचवलं. तिच्याकडे दोन मांजरी निघाल्या, आणि मधल्या सुट्टीत बोलायला माणूस मिळालं.

असा शोक आजारात कधी मोडतो हेही लोक विचारतात. दीर्घकाळ रेंगाळणाऱ्या शोकाचं निदान आता वैद्यकीय वर्गीकरणांत आहे, पण त्याची व्याख्या माणसाच्या मृत्यूभोवती बांधलेली आहे. जागतिक आरोग्य संघटनेची मुदत किमान सहा महिने, अमेरिकी मनोविकार संघटनेच्या 2022 च्या आवृत्तीत प्रौढांसाठी बारा. मी प्राण्यांच्या बाबतीत मुदतीपेक्षा दिवस कसा चालला आहे ते पाहते. जेवण तुटलं, कामावर जाणं बंद झालं, सगळ्याच माणसांबद्दल काही वाटेनासं झालं, किंवा जगू नये असं मनात यायला लागलं, तर वाट पाहू नका, मनोविकारतज्ज्ञांकडे जा. सरकारची मानसिक आरोग्यासाठीची टेलिमानस ही फोनसेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास असते. या बाईंचं तसं काही नव्हतं. झोप हळूहळू आली, वर्गातलं रडणं थांबलं, घरी अधूनमधून चालू आहे.

वडिलांसाठी त्या अजून रडलेल्या नाहीत. भावाबद्दलचा राग मात्र एकदा नीट बोलून झाला, त्याच्या तोंडावर. वर्षश्राद्ध पुण्याला त्याच्याच घरी होतं. जायच्या आधीच्या भेटीत त्यांनी विचारलं, "तिथे सगळ्यांसमोर परत रडू आलं नाही तर?"

"तर जेवून परत या," मी म्हणाले.