नऊ सामने जिंकूनही नारळ

प्रश्न : ताई, आम्ही अटलांटाजवळ अल्फारेटाला राहतो. मुलगा अथेन्सला, जॉर्जिया विद्यापीठात फायनान्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिथल्या (अमेरिकन) फुटबॉल संघाच्या व्हिडिओ विभागात तो पडेल ते काम करतो आणि आता म्हणतो, मला कोचच व्हायचंय. 2015 मध्ये मार्क रिक्ट या कोचना 15 हंगामांनंतर काढलं तेव्हा तो 10 वर्षांचा होता. त्या रात्री जेवला नव्हता. माझे वडील साताऱ्याला पी.टी.चे मास्तर होते. ते फोनवर विचारतात, "बारापैकी नऊ सामने जिंकले तरी काढलं? पैसे खाल्ले होते का?" खरंच, रिक्टना काढणं योग्य होतं का? आणि असल्या धंद्यात पोराला घालायचं का?

उत्तर : आधी तुमच्या वडिलांची शंका. पैसे खाल्ले नव्हते, उलट पदरचे घातले होते. हाताखालच्या काही लोकांना विद्यापीठाकडून पुरेसं मिळत नाही म्हणून रिक्ट स्वतःच्या खिशातून देत. 2011 मध्ये ते उघडकीला आलं. नियमात बसत नव्हतं, म्हणून किरकोळ उल्लंघन अशी त्याची नोंदही झाली! असा माणूस.

आता त्याचा हिशोब. 145 विजय, 51 पराभव. व्हिन्स डूली हे जुने कोच सोडले तर जॉर्जियात इतके सामने कुणी जिंकले नव्हते. पण साउथईस्टर्न कॉन्फरन्सचं, म्हणजे जॉर्जिया ज्या विद्यापीठांच्या गटात खेळतं त्या गटाचं विजेतेपद 2002 आणि 2005 असं दोनदाच. पुढची दहा वर्षं कोरडी. डिसेंबर 2012 चा, याच विजेतेपदासाठीचा अलाबामा विद्यापीठाविरुद्धचा सामना तुमच्या मुलाला पाठ असेल. 32-28 ने मागे, चेंडू गोल लाइनपासून, म्हणजे गुण मिळतात त्या रेषेपासून 5 यार्डांवर, आणि घड्याळ संपलं. तिथे हार झाली तरी लोकांनी मान तुकवली. 2015 मध्ये मात्र अलाबामाने जॉर्जियाच्याच मैदानावर 38-10 ने धुतलं, आणि फ्लोरिडाविरुद्ध रिक्टनी त्या हंगामात एकाही सामन्यात सुरुवातीपासून न खेळलेला क्वार्टरबॅक (चेंडू फेकून चाल रचणारा खेळाडू) उतरवला, त्याने चार वेळा चेंडू समोरच्यांच्या हातात दिला. 27-3 ने हरले. शेवटचा साखळी सामना जॉर्जिया टेकशी, तो जिंकले. दुसऱ्या दिवशी नारळ.

मला विचाराल तर निर्णय योग्य होता. पुढे जे झालं ते बघून म्हणत नाही. रिक्टच्या जागी आलेले कर्बी स्मार्ट पहिल्या वर्षी 8-5 वर, म्हणजे 8 विजय आणि 5 पराभवांवर थांबले होते, म्हणजे रिक्टपेक्षाही वाईट. 2021 आणि 2022 या हंगामांची राष्ट्रीय विजेतेपदं नंतरची. तेव्हा निकालावरून न्याय करायचा तर कुठल्या वर्षी थांबून करायचा, हाच प्रश्न आहे. मी बघते ते एवढंच, की काढताना काढणाऱ्याच्या हातात काय होतं. जॉर्जियाकडे उणीव बोट ठेवून दाखवता येत होती आणि तिच्यावर माणूसही नजरेसमोर होता. स्मार्ट याच विद्यापीठाचा जुना खेळाडू, 2005 मध्ये रिक्टच्याच हाताखाली काम केलेला, अलाबामाच्या बचावाची सूत्रं सांभाळणारा. शेजारचं साउथ कॅरोलायनाही तेव्हा कोच शोधत होतं. अजून एक वर्ष थांबले असते तर तो दुसरीकडे गेला असता.

याच्या उलट नेब्रास्का विद्यापीठ. 2003 मध्ये तिथे फ्रँक सोलिच यांना काढलं. तेही 9-3, तेही शेवटचा सामना जिंकल्याच्या दुसऱ्याच दिवशी. 1979 पासून तिथेच, आधी सहायक आणि शेवटची सहा वर्षं मुख्य कोच. त्या सहा वर्षांत 58 विजय, 19 पराभव. क्रीडा संचालकांचं म्हणणं काय, तर संघ सामान्य होऊ देणार नाही. म्हणजे नक्की काय कमी पडतंय? आणि पुढचा माणूस? तो सापडायला जानेवारी उजाडला. बिल कॅलाहान आले आणि पहिल्याच हंगामात 5-6. चाळीसेक वर्षांत नेब्रास्काने हरण्याचं पारडं जड झालेलं पाहिलं नव्हतं. चार वर्षांत, 2007 साली, नारळ देणाऱ्या संचालकांनाच नारळ मिळाला. इथे मी सोलिचच्या बाजूने आहे, आणि कॅलाहान जिंकले असते तरी असते.

पोराला घालायचं का, हा तुमचा खरा प्रश्न. तुमच्या वडिलांना हे पटणार नाही, कारण आपल्याकडे मास्तर एकदा शाळेला चिकटला की 58 व्या वर्षीच बाहेर पडतो. अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलच्या मुख्य कोचला कायमपणा मिळतच नाही. त्याऐवजी करार मिळतो आणि मुदतीआधी काढलं तर भरपाई. रिक्टची सुमारे 40 लाख डॉलर होती. शिवाय आठवडाभरात त्यांना मायामी विद्यापीठाने, जिथे ते स्वतः क्वार्टरबॅक होते, बोलावून घेतलं. तेव्हा 'बिचारा' म्हणायचं तर ते रिक्टना नको.

बिचारे असतात ते सहायक. मुख्य कोच गेला की नवा माणूस आपली माणसं घेऊन येतो आणि जुन्यांतले बहुतेक दोन-चार आठवड्यांत घर विकायला काढतात. मुलांची शाळा वर्षाच्या मध्यात बदलते. तुमचा मुलगा या धंद्यात शिरलाच तर निदान पहिली दहा-पंधरा वर्षं याच रांगेत उभा असेल. उपाशी राहिला तो रिक्टसाठी, पण त्याची पायरी ती नव्हे.

मुख्य रस्ता तसा एकच. पदवीनंतर ग्रॅज्युएट असिस्टंट, म्हणजे पदव्युत्तर शिक्षणाची फी माफ, वर थोडा भत्ता आणि झोपेचं खोबरं. रिक्ट 1985 मध्ये फ्लोरिडा स्टेटला तिथूनच सुरू झाले, आणि स्मार्टही पुढे त्याच विद्यापीठात ग्रॅज्युएट असिस्टंट होते. स्मार्टची पदवीही जॉर्जियाचीच, फायनान्सचीच. त्यामुळे मुलाने फायनान्स सोडायचं म्हटलं तर तिथे मात्र ठाम नाही म्हणा. या वर्षी त्याला एकच काम द्या: 2015 मध्ये रिक्टबरोबर गेलेले सहायक आज कुठे आहेत, कितव्या गावात आहेत, याची यादी स्वतः शोधून काढायची. ती वाचूनही कोचच व्हायचं म्हणाला तर पुढच्या उन्हाळ्यात एखाद्या लहान कॉलेजच्या शिबिरात बिनपगारी राबू द्या. मोठ्या संघात व्हिडिओ कापताना कोचिंग लांबून दिसतं. लहान कॉलेजात मैदानावर सरावाचे शंकूही आपणच मांडायचे आणि मुलांना अडवायचं-ढकलायचंही आपणच शिकवायचं.

आणि तो सराव उंचावरून टिपायला लिफ्टवर, म्हणजे माणसाला वर उचलणाऱ्या यंत्रावर चढतो का, हे विचारून घ्या. 2010 मध्ये नोत्र दाम विद्यापीठात वादळी वाऱ्यात अशी लिफ्ट कोसळून वर असलेला विद्यार्थी गेला. वारा सुटला की कुणी सांगायची वाट न बघता खाली उतरायचं, हे त्याला आजच फोन करून सांगा.