चोरकप्प्यातला चोर कोण?

राजारामपुरीतून प्रश्न आलाय: "जुन्या व्हिडिओ गेममध्ये बटणं ठरावीक क्रमानं दाबली की बनवणाऱ्यांचा तपासणीचा डीबग मोड उघडतो. त्याला 'छुपा मोड' म्हणावं का?"

म्हणू नये. छुपा कॅमेरा, छुपा अजेंडा, छुपी वैशिष्ट्यं ऐकून कान किटलेत. मराठी माणूस लपतो, दडतो, दबा धरतो. छुपायला तो हिंदीत जातो. आणि आपल्याकडं 'चोर' असताना जायचं कशाला? चोरकप्पा, चोरखिसा, चोरवाट, चोरदरवाजा.

इथं आमचे एक निवृत्त भाषाशिक्षक मित्र हटकून आडवे येतात. त्यांच्या मते चोरवाट म्हणजे चोरांची वाट. अहो गुरुजी, रायगडाला चोरदिंडी आहे, ती काय चोरांच्या सोयीसाठी बांधली? पन्हाळ्याच्या अंधारबावीतून तटाबाहेर पडायला चोरदरवाजा ठेवलाय. चोराला पायऱ्या कोण करून देतं? चोरबाजार हा चोरांचा बाजार, तिथं षष्ठी तत्पुरुष खुशाल लावा. चोरवाटेत तो लागत नाही.

माझं म्हणणं वेगळं आहे. मूळ धातू संस्कृत 'चुर्', त्याच्यावरून धातूंच्या दहाव्या गणाला, म्हणजे गटाला, चुरादि हे नाव पडलं. तिथं त्याचा अर्थ चोरी करणं हाच, कबूल. पण मराठीनं त्या 'चोरणे'ला दुसरंच वळण दिलं. गच्च भरलेल्या वडापच्या जीपमध्ये आपण अंग चोरून बसतो, कामचुकार काम चोरतो, उधारी थकवलेला नजर चोरतो. यात दुसऱ्याचं काही उचललेलं नाही. आपलंच आपण आवरून, आत ओढून घेतलंय. चोरवाट म्हणजे अंग चोरून बसलेली वाट! गुरुजींना हे पटत नाही. न पटू दे.

आजीच्या शिसवी पेटीला असा कप्पा होता. खण पूर्ण बाहेर काढायचा, मागची फळी डावीकडं सरकवायची. आत दागिना नव्हताच. होत्या त्या सुताराच्या पेन्सिलीच्या खुणा, मापाचे आकडे आणि एक फुली. बाहेरून सगळं रंधून, पॉलिश करून दिलेलं; आत मात्र त्याचं काम तसंच राहिलेलं.

गेममध्ये हेच झालं. कोनामी या गेम कंपनीच्या काझुहिसा हाशिमोतो यांनी 1986 मध्ये 'ग्रॅडियस' हा गेम फॅमिकॉम या टीव्हीला जोडायच्या गेमयंत्रावर आणला. तपासताना तो त्यांनाच जड जायला लागला, म्हणून सगळी शस्त्रं एकदम मिळतील असा क्रम घातला: वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए. तो आत तसाच राहिला. पुढं 'काँट्रा'त याच क्रमानं तीस लाइफ मिळायच्या, हे गल्लीतल्या पोरांना पाढ्यांआधी पाठ. सेगाच्या 'सॉनिक 2'मध्ये तर आवाज तपासायच्या यादीत 19, 65, 9, 17 वाजवले की हवी ती लेव्हल निवडता येते. हे आकडे म्हणजे प्रोग्रॅमर युजी नाका यांची जन्मतारीख, 17 सप्टेंबर 1965. मग 1, 9, 9, 2, 1, 1, 2, 4 वाजवा, डीबग मोड चालू: 24 नोव्हेंबर 1992, गेमच्या प्रकाशनाचा दिवस. सुताराची पेन्सिलच की ही!

जाता जाता: 'डीबग'मधला 'बग', म्हणजे यंत्रातली किंवा प्रोग्रॅममधली चूक, हा शब्द 1947 साली हार्वर्डच्या संगणकात सापडलेल्या पतंग नावाच्या किड्यावरून आला, असं कृपया सांगत फिरू नका. नोंदवहीतच 'प्रत्यक्ष बग सापडल्याची पहिली घटना' असं लिहिलंय. शब्द आधीचा असल्याशिवाय 'प्रत्यक्ष' लिहायचं कारण काय? एडिसननं तो 1878 मध्येच वापरलाय.

तर या डीबग मोडला 'चोरकप्पा' म्हणा. बटणांच्या क्रमाला मी 'चोरकळ' म्हणतो. कळ दाबायची, कप्पा उघडायचा. गुरुजी म्हणतात, कळ म्हणजे वेदना. कळ म्हणजे भांडणही, गुरुजी, आणि ती लावताय तुम्ही.