औषधाच्या चाचणीतील रुग्णाला स्वतःचे रिपोर्ट मिळतात का?
खानापूरच्या तुमच्या वडिलांचे रक्त बेळगावात क्लिनिकल ट्रायलसाठी घेतले जाते, पण रिपोर्ट हातात पडत नाहीत, ते मागता येतील का, असे तुम्ही विचारले आहे. जरूर मागावेत. हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन अशा नेहमीच्या तपासण्यांसाठी लेखी अर्ज द्या. मागितलेल्या वैद्यकीय नोंदी डॉक्टरांनी 72 तासांत द्याव्यात, असे 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेत आहे. मात्र खरे औषध कोणाला आणि प्लासिबो (औषध नसलेली, तशीच दिसणारी गोळी) कोणाला हे गुप्त ठेवलेल्या चाचणीत, ज्या निकालावरून ते गुपित फुटेल तो शेवटपर्यंत रोखला जाऊ शकतो, आणि ते मला गैर वाटत नाही. क्लिनिकल ट्रायलच्या 2019 च्या नियमांनुसार रुग्णाला समजणाऱ्या भाषेतील संमतिपत्र व त्याची प्रत मिळायलाच हवी; वडिलांनी न वाचता येणाऱ्या कन्नड कागदावर सही केली असेल, तर मराठी प्रत मागा, आणि दाद न लागल्यास एथिक्स कमिटीकडे (चाचणीतील रुग्णांच्या हक्कांवर लक्ष ठेवणारी समिती) लेखी तक्रार करा.