नागरिकत्व लांबलं म्हणून येणं लांबवू नये

प्रश्न: ताई, सप्रेम नमस्कार. आमचा मुलगा टोरंटोजवळ ब्रॅम्प्टनला असतो. त्याने कॅनडाच्या नागरिकत्वाचा अर्ज केला, परीक्षाही पास झाला, आणि तेव्हापासून सगळं थांबलं आहे. ऑनलाइन पाहिलं की बाकी सगळ्यापुढे 'पूर्ण' दिसतं, फक्त पार्श्वभूमीच्या तपासणीपुढे 'चालू'. त्याच्या मागून अर्ज केलेल्या मित्राची शपथसुद्धा झाली. माघात माझ्या सासूबाईंचं सहस्रचंद्रदर्शन आहे. मी ठाण्याहून रोज फोर्टला नोकरीला जायची, तेव्हा त्याला त्यांनीच वाढवलं. पण तो म्हणतो, "मी निघालो आणि तेवढ्यात शपथेची तारीख आली तर?" मागच्या दिवाळीलाही हेच कारण होतं. त्याचा भारतीय पासपोर्ट येत्या उन्हाळ्यात संपतोय. तो नवा करायला तयार नाही. "लवकरच परत करायचा आहे, उगाच खर्च कशाला," म्हणतो. यजमानांची काळजी वेगळीच. शपथ घेतली की शहापूरच्या जमिनीवरचा त्याचा हक्क जाईल, असं त्यांना कुणीतरी सांगितलंय. आणि ज्यांना आपण इथून घालवलं त्यांच्या राजाशी आपला मुलगा निष्ठेची शपथ घेणार, हेही त्यांच्या मनाला लागलंय. कार्यक्रम पुढे ढकलावा का?
– एक आई, नौपाडा, ठाणे

उत्तर: कार्यक्रम मुळीच पुढे ढकलू नका, आणि मुलाला यायला सांगा.

त्याच्या मनात जी भीती आहे ती मी जवळून ओळखते. ब्रॅम्प्टनशेजारच्या मिसिसागात असताना मीही या रांगेत होते. वाट पाहणारा माणूस हळूहळू सगळंच त्या एका तारखेला बांधून टाकतो. तिकीट नको, घर नको, नवी नोकरी नको, आधी शपथ होऊ दे. पण ती तारीख कुणाच्याच हातात नसते. माझा अर्ज पडून होता तेव्हा माझे वडील वाशीला एकटे होते. मी आले, त्यांच्या शेवटच्या दिवाळीला त्यांच्याजवळ होते, आणि माझ्या अर्जाचं त्यामुळे काहीही बिघडलं नाही.

नियमच तसा आहे. नागरिकत्वासाठी अर्जाच्या आधीच्या ५ वर्षांत किमान १,०९५ दिवस प्रत्यक्ष कॅनडात राहिलेलं असावं लागतं. ही मोजणी अर्जाच्या तारखेला संपते. त्यानंतर तो महिनाभर ठाण्यात राहिला तरी त्यातला एक दिवसही वजा होत नाही, आणि अर्ज चालू असताना देशाबाहेर जायला बंदी नाही. त्याला सांभाळायचं आहे ते पीआरचं, म्हणजे तिथे कायम राहण्याच्या परवानगीचं, बंधन: कोणत्याही ५ वर्षांत ७३० दिवस कॅनडात. इतकी वर्षं तिथेच राहिलेल्या मुलाला एका महिन्याच्या सुट्टीने त्याचा काही धोका नाही.

खरा धोका कागदांचा आहे, म्हणून त्याच्याबद्दल जरा सविस्तर लिहिते. परतीच्या विमानात बसताना वैध पीआर कार्ड लागतं. ते साधारणपणे ५ वर्षांचं असतं, म्हणजे नागरिकत्वाची वाट पाहता पाहता नेमकं तेच संपत आलेलं असतं. कार्ड संपलं म्हणजे पीआर गेलं असं नाही, पण इथे असताना संपलं तर परत जाण्यासाठी वेगळा प्रवासाचा दाखला मागावा लागतो आणि तो येईपर्यंत माणूस इथे अडकतो. तेव्हा तिकीट काढण्याआधी त्याने कार्डावरची तारीख बघावी. जवळ आली असेल तर नूतनीकरणाचा अर्ज आत्ताच करावा. नागरिकत्वाचा अर्ज चालू असतानाही तो करता येतो.

आणि पासपोर्ट. इथे मला तुमच्या मुलाचं मुळीच पटत नाही. शपथ होईपर्यंत तो भारताचा नागरिक आहे, आणि भारताचा पासपोर्ट सोडून दुसरा कुठलाही त्याला मिळणार नाही. तो संपला आणि उद्या आजीची तब्येत बिघडली तर? नागरिकत्वाचा अर्ज तातडीने निकाली काढण्याची सोय कॅनडात आहे. घरातला मृत्यू किंवा गंभीर आजार हे कारण त्यात बसतं, पण स्वतःच्या देशाचा पासपोर्ट मिळतच नसेल तर. त्याला तो मिळू शकतो, म्हणून हे दार त्याच्यासाठी उघडणार नाही. मुदत संपायला वर्ष उरलं की नव्यासाठी अर्ज करता येतो. त्याने तो या आठवड्यात करावा. नवा पासपोर्ट पुढे थोड्याच दिवसांत परत करावा लागला, तर ती फी वाया गेली असं मी म्हणणार नाही. मधल्या प्रत्येक दिवशी घरी येण्याची मोकळीक त्याच्या खिशात होती.

आता तो इथे असतानाच तारीख आली तर? निमंत्रण ई-मेलवर येतं, कधी अगदी थोडे दिवस आधी. त्याने रोज ई-मेल बघावा, स्पॅमसुद्धा, आणि येता येत नसेल तर लगेच कारण लिहून दुसरी तारीख मागावी. गप्प बसणं तेवढं टाळावं. उत्तरच दिलं नाही तर अर्ज बंद होऊ शकतो. एक गोष्ट मात्र तुम्ही आई म्हणून बजावून सांगा. २०२०पासून पुष्कळ शपथविधी व्हिडिओ कॉलवर होतात. म्हणून नौपाड्यातल्या खोलीत लॅपटॉप उघडून शपथ उरकावी असं त्याच्या मनात येऊ शकतं. शपथ घेताना माणूस कॅनडाच्या भूमीवर असावाच लागतो. इतक्या वर्षांची मेहनत त्या एका मोहापायी पणाला लावू नये.

मित्राचं आधी झालं म्हणून त्याने मनाला लावून घेऊ नये. पार्श्वभूमीच्या तपासणीत तिथले पोलीस आणि गुप्तचर खातं दोन्ही येतात, आणि प्रत्येकाची फाइल आपल्या चालीने सरकते. परीक्षा पास होण्याशी तिचा संबंध नाही. पण नुसतं बसून राहण्याचंही कारण नाही. त्याने आधी तिथल्या इमिग्रेशन खात्याच्या वेब फॉर्मवर लेखी चौकशी करावी. मग आपल्या भागाच्या खासदाराच्या कार्यालयात जावं. तिथे खासदारांची कार्यालयं अशा चौकशा नेहमी करतात, त्यात संकोच वाटण्यासारखं काही नाही. खासदार निर्णय बदलू शकत नाही, पण फाइल कुठे आहे ते कळतं. आपल्याकडे माहितीचा अधिकार आहे तसा तिथेही कायदा आहे. त्याखाली आपल्या फाइलवरच्या नोंदी मागवता येतात. त्या मी मागवल्या होत्या, आणि आपला अर्ज हरवलेला नाही एवढं कळल्यावरही मला झोप लागली होती. फारच लांबलं तर फेडरल कोर्टाकडून निर्णय देण्याचा आदेश मागता येतो. ती पायरी वकिलाशी बोलूनच चढावी.

शपथेनंतरच्या दिवसांची तयारीही आत्ताच करायला हवी, कारण खरा अडचणीचा काळ तो आहे. आपल्या १९५५च्या नागरिकत्व कायद्यानुसार, स्वेच्छेने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं संपतं. भारतीय पासपोर्टवर त्यानंतर प्रवास करता येत नाही. तो परत करावा लागतो. म्हणजे कॅनडाचा पासपोर्ट आणि मग ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला इथे व्हिसाशिवाय येऊ देणारं) हाती येईपर्यंत इकडे यायला व्हिसा हवा. २०२३च्या सप्टेंबरात भारताने कॅनडाच्या नागरिकांना व्हिसा देणं थांबवलं होतं. ऑक्टोबरअखेर काही प्रकार आणि नोव्हेंबरात ई-व्हिसा सुरू झाला. भारतीय पासपोर्ट किंवा ओसीआय असलेल्यांना त्या काळात ती अडचण नव्हती. तेव्हा शपथेनंतर ओसीआयचा अर्ज मागे ठेवू नये, आणि आजीला भेटायचं असेल तर ते शपथेच्या आधी, सगळे कागद हातात असताना भेटणंच शहाणपणाचं.

तुमच्या यजमानांना सांगा, जमिनीचं ते ऐकीव आहे. ओसीआय असलेल्याला शेतजमीन विकत घेता येत नाही, भेट म्हणूनही मिळत नाही. पण वारसाहक्काने मिळालेली जमीन त्याच्याकडे राहते. नौपाड्याच्या घराला तर कसलीच आडकाठी नाही. मतदान मात्र जातं, आणि ते जाताना दुखतं.

राजाबद्दल. मी शपथ घेतली तेव्हा राणी एलिझाबेथ होत्या. सप्टेंबर २०२२पासून तिथे राजे चार्ल्स यांचं नाव घेतात. ते कॅनडाचे राजे म्हणून घेतात, कारण तिथल्या राज्यघटनेत राष्ट्रप्रमुख तेच आहेत. २०२१पासून त्याच शपथेत तिथल्या मूळ रहिवाशांच्या हक्कांचाही उल्लेख आहे. तुमच्या यजमानांना लागलेलं चुकीचं आहे असं मी म्हणणार नाही. माझा भारतीय पासपोर्ट रद्द झाल्याचा शिक्का घेऊन परत आला, त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. पण मुलगा देश टाकून चाललाय असं त्याच्यासमोर म्हणू नका. इतकी वर्षं जिथे राबला, कर भरले, तिथे त्याला मत हवं आहे, आणि हे मागणं सरळ आहे.

शेवटचं, तुम्ही विचारलेलं नाही पण बऱ्याच आयांना ठाऊक नसतं. तुम्हा दोघांना त्याच्याकडे जाऊन राहायला त्याच्या नागरिकत्वाची वाट पाहावी लागत नाही. आई-वडिलांचा सुपर व्हिसा पीआर असलेल्या मुलाच्या निमंत्रणावरही मिळतो, आणि जुलै २०२२पासून एका वेळी ५ वर्षांपर्यंत राहता येतं. मुलाचं उत्पन्न ठरलेल्या रकमेइतकं हवं, आणि तुमचा किमान १ लाख कॅनेडियन डॉलरचा वैद्यकीय विमा लागतो. वय वाढेल तसा त्याचा हप्ता वाढतो, म्हणून जायचं असेल तर चौकशी या वर्षीच करा.