वाचक विचारतात : लेकरांच्या हाती सेवा कशी द्यावी?

प्रश्न : आमच्या घरी रोज रात्री कौटुंबिक प्रार्थना होते. ५, ९ आणि १३ वर्षांची तीन लेकरं. बायबलची वचनं तोंडपाठ आहेत, चर्चच्या शब्बाथशाळेत बक्षिसंही मिळतात. पण आजीला तांब्याभर पाणी द्यायचं म्हटलं की तिघंही एकमेकांकडे बोट दाखवतात. आमचं काय चुकतं?
— एक आई, दारव्हा तालुका

रोज नवा उतारा वाचता, हे बहुधा चुकतं. सोमवारचं वचन मंगळवारी मागे पडतं आणि हाताला काही लागतच नाही. आठवड्याला एकच उतारा घ्या. आठवड्यातून तीन बैठका, प्रत्येक बैठक २० मिनिटांची. बाकीच्या रात्री गीत आणि प्रार्थना पुरे. कापूस वेचणीच्या दिवसांत आईबाप वावरातून थकून येतात, तेव्हा दोनच बैठका ठेवल्या तरी चालेल. अर्धवट झोपेत वाचलेल्या अध्यायाचा लेकरांना उपयोग नाही.

एक आठवडा कसा चालवावा ते दुर्कस या विधवांसाठी कपडे शिवणाऱ्या शिष्येच्या उताऱ्यावरून सांगतो. प्रेषितांची कृत्ये ९:३६ ते ४२, म्हणजे फक्त सात वचनं. पहिल्या बैठकीत थोरल्या लेकराने मोठ्याने वाचावं आणि उपदेश अजिबात करू नये. नुसतं विचारावं : खोलीत कोण रडतंय? त्यांच्या हातात काय आहे? विधवा प्रेषित पेत्राला दुर्कसने शिवलेले कपडे दाखवताहेत, हे पाच वर्षांच्या लेकरालाही सांगता येतं. ती वारल्यावर बायकांनी तिची भाषणं आठवली नाहीत, अंगरखे पुढे केले. हे लेकरांनी स्वतः शोधू द्या, तुम्ही आधी सांगून टाकू नका.

दुसऱ्या बैठकीत एकच प्रश्न : तिच्याजवळ सुई होती, आपल्याजवळ काय आहे? आणि सतरंजी गुंडाळण्याआधी काम ठरवायचं. कोणासाठी, काय, कोणत्या दिवशी आणि कोण करणार, हे चारही ठरलं पाहिजे. “आपण सगळ्यांना मदत करू या” असं ठरलं, तर काहीच ठरलं नाही असं समजा.

या उताऱ्याला शोभेल असं काम म्हणजे शर्टाची तुटलेली बटणं. आपल्या घरची आणि शेजारच्या एखाद्या घरची, पण विचारून. धाकट्याने जुन्या डब्यातून जुळती बटणं निवडावीत, मधल्याने सुईत दोरा ओवावा, मोठ्याने शिवावं. दोरा दुहेरी घ्या. बटण आणि कापड यांच्यामध्ये काडेपेटीची काडी ठेवून प्रत्येक भोकाच्या जोडीतून तीन-चार टाके घाला. मग काडी काढा, बटणाखाली दोऱ्याचे तीन वेढे द्या आणि मागच्या बाजूला गाठ मारा. काडी ठेवली नाही तर बटण कापडाला घट्ट चिकटतं, काजात शिरताना ओढ बसते आणि आठ दिवसांत पुन्हा तुटतं. वरवरची सेवा आणि नीट सेवा यांतला फरक लेकरांना या बटणावरच कळतो, वेगळा समजावावा लागत नाही.

तिसऱ्या बैठकीत काय झालं ते विचारा, आणि फसलेलंही मोकळेपणाने सांगू द्या. कोणाचं बटण उलटं लागलं, तर त्यानेच उसवून पुन्हा लावायचं. आईने गुपचूप दुरुस्त करून ठेवलं की काम आईचं झालं.

आजीच्या पाण्याचंही असंच करा. “कोणीतरी द्या” म्हणू नका. सकाळचा तांब्या एकाचा, संध्याकाळचा दुसऱ्याचा, औषधाच्या वेळचा तिसऱ्याचा. महिनाभर बदलायचं नाही. सवय लागायला तेच काम त्याच लेकराला रोज करावं लागतं.

प्रश्न : काम केलं की मुलांना ५ रुपये किंवा चॉकलेट देतो. आता पैसे नाहीत म्हटलं की हलत नाहीत.
— एक वडील, अचलपूर तालुका

पैसे बंद करा, पण एकदम नाही आणि रागावून तर नाहीच. आधी मत्तय ६:१ ते ४ सोबत वाचा. दान गुप्तपणे करावं असं तिथे प्रभू येशू सांगतो. मग सांगा की वावरातली निंदणी किंवा दुकानातलं काम केलं तर मजुरी मिळेल, सेवेला मिळणार नाही. दोन्ही वेगळी आहेत हे लेकराला पटतं, फक्त आपण मिसळून ठेवलेलं असतं.

भिंतीवर चांदण्या चिकटवायचा तक्ता आणि मंडळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो, हीसुद्धा चॉकलेटंच आहेत. ती आईबापांना जास्त गोड लागतात, हे आमचं स्पष्ट मत. शाबासकी जरूर द्या, पण कामाच्या परिणामाची द्या : “तू चष्मा शोधून दिलास म्हणून आजोबांना आज शास्त्र वाचता आलं.”

आभार न मानणारी माणसंही भेटतील. त्यासाठी लूक १७:११ ते १९ वाचून ठेवा. दहा कुष्ठरोगी बरे झाले, परत आला एक. “बाकीचे नऊ कुठे?” असं प्रभूनेही विचारलं, म्हणजे लेकराला वाईट वाटलं तर त्यात पाप नाही. पण बरे तर दहाही जण झाले होते.

प्रश्न : आम्ही मजुरी करणारे. आमच्याकडे द्यायला काय आहे? मुलं हेच विचारतात तेव्हा उत्तर सुचत नाही.
— कळंब तालुका

१ राजे १७:८ ते १६ वाचा. सारफथची विधवा एलीया संदेष्ट्याला भेटली तेव्हा तिच्याजवळ मूठभर पीठ, थोडं तेल आणि गोळा करायला निघालेल्या दोन काटक्या होत्या. दुष्काळ होता. इथे एक जपून : हा उतारा “द्या म्हणजे दुप्पट मिळेल” अशा पद्धतीने शिकवू नका. मडक्यातलं पीठ सरलं नाही एवढंच लिहिलं आहे. मडकं भरून वाहिलं आणि तिने पीठ विकलं असं कुठे नाही. लेकरांना खोटी आशा लावली, की पुढच्या नापिकीत त्यांचा विश्वास आधी उडतो.

दुसरा उतारा सरव्याचा. शेताच्या कडा पूर्ण कापू नका, पडलेली कणसं वेचू नका, ती गरिबाला आणि उपऱ्याला राहू द्या, असं लेवीय १९:९-१० सांगतं. विसरलेली पेंढीसुद्धा घ्यायला परत जाऊ नये, हे अनुवाद २४:१९ मध्ये आहे. रूथ २ मध्ये शेतमालक बवाज याच्याही पुढे जातो : पेंढ्यांतून मुद्दाम काही कणसं गळू द्या, असं गड्यांना सांगतो. आपल्याकडे भुईमुगाचा आणि सोयाबीनचा सरवा वेचलेली लेकरं हे पटकन ओळखतात. घेणाऱ्याला मान खाली घालावी लागू नये म्हणून बवाजने काय केलं, हा प्रश्न त्यांना जरूर विचारा.

ज्यांच्याकडे वावर नाही त्यांनी हात आणि पाय द्यावेत. शेजारच्या म्हातारीला पाणी आणून देणं हे चांगलं काम आहे, फक्त वजन बघा. ९ वर्षांच्या लेकराच्या डोक्यावर भरलेली कळशी देऊ नका; दोन हातांत दोन-दोन लिटरच्या बाटल्या आणि दोन खेपा. ग्रामपंचायतीच्या फळ्यावरची सूचना वाचून सांगणं, रेशनच्या रांगेत म्हाताऱ्यांची पिशवी धरून सोबत उभं राहणं, फोनमध्ये मुलाचा नंबर लावून देणं, यांतल्या कशालाच पैसा लागत नाही.

प्रश्न : शेजारच्या आजी एकट्या राहतात, त्या ख्रिस्ती नाहीत. लेकरं पाठवली तर लोक म्हणतील, धर्म शिकवायला आले.
— मोर्शी तालुका

म्हणून पहिल्यांदा लेकरं पाठवू नका, तुम्ही जा. “मावशी, आमची लेकरं रिकामी असतात, काही हातभार लागेल का?” एवढंच विचारा. त्या नाही म्हणाल्या तर मनापासून घरी या. हो म्हणाल्या तर त्यांनी सांगितलेलंच काम करायचं. आपल्याला अंगण झाडायची हौस, आणि त्यांना हवा असतो फक्त गॅसचा नंबर लावून.

लेकरांच्या हाती पत्रिका नको, वधस्तंभाचं चित्र नको, “प्रार्थना करू का?” असा आग्रह नको. स्वयंपाकघरात विचारल्याशिवाय शिरायचं नाही. काही घरांत दुसऱ्याच्या हातचं शिजलेलं चालत नाही. तिथे डब्याऐवजी भाजी निवडून किंवा शेंगा सोलून द्या. दोन लेकरं सोबत जावीत, दार उघडं असावं, किती वाजता परत यायचं ते ठरलेलं असावं. गोळ्यांच्या पाकिटावरचं नाव आणि तारीख वाचून दाखवायला हरकत नाही, पण गोळी काढून तोंडात देणं लेकराचं काम नाही.

जाण्याआधी लूक १०:२५ ते ३७ वाचा आणि शोमरोनी माणसाने वाटेवर पडलेल्या जखमीसाठी काय काय केलं ते मोजायला लावा : जखमांवर तेल आणि द्राक्षारस, पट्ट्या, स्वतःच्या जनावरावर बसवणं, उतारशाळा, दोन नाणी, आणि जास्त खर्च झाला तर परतताना देईन हा शब्द. मत्तय २०:२ वरून कळतं की असं एक नाणं म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. तुमच्या गावच्या दोन दिवसांच्या मजुरीचा आकडा सांगितला की लेकरांचे डोळे मोठे होतात. जखमीचा धर्म त्याने विचारल्याचा उल्लेख नाही.

प्रश्न : मी १४ वर्षांची आहे. भांडी, पाणी, झाडलोट मीच करते. भाऊ चर्चमध्ये ढोलक वाजवतो, ती त्याची सेवा. आणि प्रार्थनेत बाबा मलाच म्हणतात, सेवा शीक.
— एक मुलगी, पुसद तालुका

बेटा, तुझा प्रश्न बरोबर आहे, आणि उत्तर बाबांसाठी आहे. योहान १३:४-५ घरात मोठ्याने वाचा आणि वाचायला भावाला सांगा. प्रभू जेवणावरून उठला, वरची वस्त्रं काढून ठेवली, रुमाल कंबरेला बांधला, भांड्यात पाणी ओतलं, पाय धुतले, पुसलेसुद्धा. हे चाकराचं काम होतं, आणि ते खोलीतल्या सगळ्यांत मोठ्याने केलं. त्या आठवड्याचं काम म्हणून बाबांनी आणि भावाने रात्रीची भांडी घासावीत, तू तोवर अभ्यास कर. एका दिवसाचं नाटक नको, किमान महिनाभर. तवा नीट निघाला नाही तरी तू उठून पुन्हा घासू नकोस.

प्रश्न : शब्बाथशाळेच्या मुलांना उन्हाळ्यात बसथांब्यावर पाणपोई लावायची आहे. काय काळजी घ्यावी?
— चिखली तालुका

मत्तय १०:४२ मधला गार पाण्याचा प्याला विदर्भातल्या मे महिन्यात कोणाला समजावावा लागत नाही. ग्रामपंचायतीला आधी विचारा. जागा सावलीची हवी, झाडाखाली किंवा शेडमध्ये. दोन माठ घ्या, म्हणजे एक घासताना दुसरा चालू राहतो. नवा माठ दिवसभर पाण्याने भरून ठेवा आणि ते पाणी टाकून द्या. नाहीतर मातीचा वास येतो आणि लोक तोंड वाकडं करतात. बाहेरून ओलं पोतं गुंडाळा, वर झाकण ठेवा. पाणी काढायला लांब दांड्याचं ओगराळं साखळीने बांधा. पेला माठात बुडवू दिला की बोटंही बुडतात. पाणी गाळलेलं असावं. क्लोरीनची गोळी घालणार असाल तर किती लिटरला किती ते पाकिटावर पाहा आणि अर्धा तास थांबा. माठ एक दिवसाआड आतून घासा, नाहीतर शेवाळ धरतं.

लेकरांच्या पाळ्या सकाळी ९ च्या आत आणि संध्याकाळी ५ नंतर. दुपारी भरायची वेळ आली तर मोठ्यांनी भरावं.

पाणपोई बंद पडते ती पहिल्या आठवड्याचा उत्साह ओसरल्यावर, अर्धी मुलं मामाच्या गावी गेल्यावर. म्हणून आधी कोण कोणत्या तारखांना गावात आहे ते लिहून घ्या, मगच पाळ्या लावा. प्रेषितांची कृत्ये ६:१ ते ६ याच बैठकीत वाचा : रोजच्या वाटणीत काही विधवा सुटत होत्या, तेव्हा सात माणसं नावानिशी नेमली गेली. मुलं कमी असतील तर दोन महिन्यांऐवजी दोनच आठवडे लावा आणि तशी पाटी लिहा. शेवटच्या दिवशी माठ उचलून न्या. भर उन्हात रिकामा माठ उघडून बघायची वेळ कोणावर आणू नका.