हौस म्हणून चामड्याचं काम शिकतोय. तीन पाकिटं शिवली, पण सफाई नाही म्हणून कपाटात ठेवलीत. इतरांना दाखवावीत का?

दाखवा. आणि दाखवताना उलटी बाजू आधी दाखवा.

मी पहिले आठ महिने तुमच्यासारखंच केलं. शनिवारी रात्री ओट्यावर आईचा पोळपाट पालथा घालून त्यावर ठोकाठोक करायची, झालेली वस्तू कपाटात. (पोळपाट आईने परत घेतला नाही.) मग आमच्यासारख्याच पाच-सहा हौशी लोकांची ओळख झाली. महिन्यातून एका रविवारी कुणाच्या तरी गच्चीवर जमतो, आपापलं काम मधे ठेवतो. मी नेलेलं पाकीट एका काकांनी उचललं, लगेच उलटं केलं, उजेडाकडे धरलं आणि म्हणाले, "दुसरी सुई कधी दोऱ्याच्या वरून घालतोस, कधी खालून."

पुढून टाके छान एका तिरकीत होते, मागून मात्र वेडेवाकडे. दोन सुयांच्या शिवणीत एकाच दोऱ्याच्या दोन्ही टोकांना सुई असते आणि एकाच भोकातून दोन्हीकडून सुया जातात. आधी कोणती, आणि दुसरी पहिल्या दोऱ्याच्या कोणत्या अंगाने, हा क्रम शेवटच्या भोकापर्यंत बदलायचा नसतो. इतके व्हिडिओ बघून जे ध्यानात आलं नव्हतं, ते अर्ध्या मिनिटात कळलं.

फक्त "कसं झालंय?" असं विचारू नका. "मस्त!" म्हणतात आणि चहा येतो. नेमकं विचारा. मी विचारलं होतं, कड कितीही घासली तरी चमकत का नाही? काकांनी कापलेली कड बघितली. आतला थर निळसर राखाडी होता. म्हणजे क्रोमने (क्रोमियमच्या क्षारांनी) कमावलेलं चामडं. ते मऊ असतं, बॅगेला चांगलं, पण त्याची कड घासून चकाकत नाही, रंगवावीच लागते. बाभळीची साल, हिरडा अशा वनस्पतींनी कमावलेलं (कोल्हापुरी चपलेचं असतं तसं) चामडं आतूनही तपकिरी असतं. त्याची कड आधी पॉलिशपेपरने सारखी करा, मग पाण्याचा हात लावून गुळगुळीत लाकडाने घासा, आरशासारखी होते. ठसे उठवायलाही हेच लागतं.

हत्यारांवर सुरुवातीलाच पैसे उडवू नका. रापी (चामडं कापायची सुरी), आरी (टोचणी), दोन बोथट सुया, 4 मिलिमीटर अंतराचा भोकं पाडायचा काटा आणि मेण लावलेला दोरा एवढं पुरे. दोरा शिवणीच्या चौपट लांब घ्यायचा. मी एकदा तिप्पट घेतला आणि शेवटच्या पाच भोकांना तो पुरला नाही. चामडं चौरस फुटावर विकतात, पण धारावीत उरलेले तुकडे वजनावरही मिळतात. पहिलं वर्षभर तेच कापा.

आणखी एक. दाखवायच्या लोकांत कोपऱ्यावर चपला शिवणाऱ्या मामांनाही धरा. आमच्या घरात "हे आपलं काम नव्हे" असं एक आत्या बोलून गेली होती. ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या हे काम केलं, त्याला त्यावरूनच खाली लेखलं गेलं, आणि मी तेच हौस म्हणून करतो तेव्हा लोक कौतुक करतात. हे मला खटकतं, अजूनही. म्हणून मामांकडे शिकायला जातो तेव्हा त्यांचा वेळ मोडतो त्याचे पैसे देतो. पहिल्यांदा त्यांनी घेतले नाहीत, आता घेतात.

त्यांनी आधी माझी रापी अंगठ्यावर तपासली आणि हसले. तिला धारच नव्हती. दगडावर धार काढून दिली, चामड्याच्या पट्टीवर दोनदा पाजळली. मग माझं दुसरं पाकीट घेतलं आणि मी काही बोलायच्या आत मधला एक टाका सरळ कापला. दोन्ही हातांनी ताणून दाखवलं. शिवण उसवली नाही, कारण प्रत्येक भोकात दुसऱ्या सुईचा दोरा होताच. "मशीनची असती तर सरकत गेली असती," म्हणाले.

कापलेल्या टाक्याचं ते पाकीट मी आजही वापरतोय.